खांबावर अडकलेलं नाव

सौनिंग्वाक वन्सं,

फ्रेया नावाची तुमच्या घरात कोण मेली, ते मला आधी सांगा. तुमच्या आईकडे कुणी नव्हती, वडिलांकडे नव्हती. जावयाच्या घराण्यात एखादी म्हातारी असेल म्हणून मी दुकानात दोर्थेआला विचारलं, तर ती म्हणाली, अगं, ती कुणी मेलेली बाई नव्हे, तिकडचे डॅनिश लोक नुसतं आवडलं म्हणून नाव ठेवतात. नुसतं आवडलं म्हणून! पडद्याचं कापड निवडतात तसं! आणि हे मला कळलं कुठे, तर साखर घेताना. दोर्थेआनं तिच्या फोनवर तुमच्या लेकीनं, आविआकनं टाकलेला फोटो दाखवला. पाळणा, पाळण्यावर गुलाबी अक्षरं, आणि आत तुमची नात, डोळे मिटलेले, कपाळावर आठी. ती आठी मी ओळखली, वन्सं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी कॉफी हातात पडेपर्यंत तीच आठी माझ्यासमोर बसलेली असायची. त्या आठीवर फ्रेया लिहायचं?

पत्राला रीतीनं सुरुवात करायची असते, ते राहिलं. आता करते. मोठ्या नणंदेला नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे ऑल्बोर्गला जिने फार, असं तुम्ही म्हणाला होता. मग जिन्याचं घर घेतलंत कशाला? नात सुखरूप झाली, आविआक बरी आहे, हे ऐकून आनंद झाला. (खरंच झाला. रागात आहे म्हणून आनंद झाला नाही असं नाही.) एस्किल जावयांना माझा आशीर्वाद सांगा, त्यांना आपल्या भाषेत हळू सांगितलं काय नि भरभर सांगितलं काय, कळणार नाहीच, तेव्हा नुसती मान हलवून दाखवा. इकडे मी बरी आहे. कुत्री आता चारच ठेवली आहेत, बाकीची तुमच्या चुलतभावाच्या हवाली केली. सूर्य आता मावळायचंच विसरला आहे, त्यामुळे झोपेचा पत्ता नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी नावाचा विषय काढला की तुम्ही "बघू गं रेगिने" म्हणता आणि मागे स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी आदळतं. पत्रात कुणाला भांडी आदळता येत नाहीत. म्हणून लिहिते आहे. शाळेत मी जेवढी बसले त्याहून जास्त वेळ या पत्राला बसले आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

तुमचा भाऊ जाऊन दोन हिवाळे गेले. दोन हिवाळ्यांत इथे कुणी ते नाव तोंडातून काढलेलं नाही. तुम्ही शहरात राहून विसरला असाल तर आठवण करून देते, नव्या जिवाला मिळेपर्यंत मेलेल्याचं नाव बाहेर थंडीत उभं असतं, आणि त्याला जागा मिळाल्याशिवाय त्या नावानं हाक मारायची नाही, उगाच आशा लागते. ते ठीक आहे. आपल्या वेळेला महिना-दोन महिन्यांत कुणाच्या ना कुणाच्या घरी पोर व्हायचं आणि प्रश्न मिटायचा. आता इथे पोर आणायचं कुठून? वस्तीत जन्मलेलं शेवटचं मूल होतं त्याला मिसरूड फुटली आणि ते शिकायला दक्षिणेला गेलं. शाळेच्या खोलीत मासौना काका आता मासेमारीची जाळी ठेवतात. (रविवारची प्रार्थनाही तेच चालवतात, पाद्री वर्षातून एकदा येतो, तोही हवा बरी असेल तर.) त्यामुळे आम्ही सगळे दोन हिवाळे "तो" म्हणतो आहोत. "तो असता तर", "त्याची ती करवत", "तो म्हणायचा ना". कोण तो, हे सगळ्यांना ठाऊक. पण नुसत्या "तो"वर किती बोलणार? हळूहळू लोकांनी त्याच्याविषयी बोलणंच सोडलं. माझ्याकडे येणंही कमी केलं, कारण माझ्याकडे आल्यावर त्याच्याशिवाय बोलायचं काय? बायका यायच्या, कॉफी प्यायच्या, हवेवर बोलायच्या, जायच्या. हवा इथे रोज तीच असते, वन्सं.

मासौना काकांनी मागच्या वर्षी सुचवलं होतं की जुन्या लोकांत असं व्हायचं तेव्हा नाव तात्पुरतं कुत्र्याला द्यायचे. तुझी ती पांढऱ्या पायाची कुत्री पोटुशी आहे, एक पिल्लू राखून ठेव. मी म्हटलं, काका, नवऱ्याला साखळीला बांधून त्याच्यापुढे सीलची आतडी टाकू? त्यावर काका म्हणाले, त्याला चाललं असतं. चाललं असतं हे मलाही ठाऊक आहे. मला चाललं नसतं.

आता मूळ भानगड सांगते. फेब्रुवारीत सूर्य परत आला त्याच आठवड्यात हेलिकॉप्टरनं मोजणीवाले आले. पुढारी म्हणजे हेन्रिके नावाची एक लांब हाडाची बाई, चाळिशीच्या आतली, आणि तिच्याबरोबर पेट्याच पेट्या. तिचं डॅनिश माझ्याहून वाईट, त्यामुळे आमचं लगेच जमलं, दोघींनाही लाज वाटायचं कारण नव्हतं. ती काय मोजायला आली ठाऊक आहे? टोकापाशी जिथे पाण्याला ओढ आहे आणि बर्फ कधीच जाड धरत नाही, तिथून समुद्राची ऊब हवेत किती जाते ते. मी म्हटलं, समुद्राची ऊब? तर म्हणे हो. खाली पाणी, ते पाणी आहे म्हणजेच गोठण्याइतकं थंड नाही, वर हवा मरणाची थंड, आणि मध्ये बर्फाची साय. जाड बर्फ असला की ऊब खालीच राहते. पातळ असला की निसटते. म्हणजे हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगट उघडं राहतं ना, बाकी सगळं अंग झाकलेलं असून थंडी तिथेच शिरते, तसं. आता हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? नव्या बर्फावर सकाळी वाफ दिसते ती काय चहाची असते? पण वाफ दिसते एवढ्यानं त्यांचं भागत नाही, किती वाफ, किती ऊब, कोणत्या वाऱ्याला किती, असं सगळं त्यांना आकड्यांत हवं. मी म्हटलं मोजा बापडे. तुमचं तुम्हाला.

त्यांनी खांब उभा केला टोकाच्या अलीकडे, बर्फ माणसाचं वजन धरतो तिथे, आणि त्याला एक लांब हात लावला, तो पातळ बर्फावर पसरलेला. खांबाच्या डोक्यावर तीन बोटं वरून आणि तीन बोटं खालून, मध्ये वारा. शिवाय काचेचे दोन डोळे, एक आभाळाकडे आणि एक बर्फाकडे. आणि बर्फातच गोठवून ठेवलेल्या बिस्किटाएवढ्या चकत्या. या सगळ्यावर रोज बर्फाचा तुषार धरतो, आणि तुषार धरला की त्याला काही दिसत नाही. माझं घर किनाऱ्याला सगळ्यांत जवळ, म्हणून रोज सकाळी जाऊन मऊ ब्रशानं त्याचे डोळे पुसायचं काम मला दिलं. चांगले क्रोनर देतात. मी नवऱ्याची लोखंडी टोकाची काठी घेऊन, बर्फ ठोकत ठोकत जाते, डोळे पुसते, बोटं पुसते, परत येते. साधंच काम.

पण आता तुम्ही सांगा, वन्सं. एक उंच, हडकुळी आकृती. दिवसभर टोकाशी पातळ बर्फाच्या काठावर उभी, पाण्याकडे बघत. थंडीत कुडकुडत नाही. हाक मारली तर उत्तर नाही. जेवायला येत नाही. वारा फिरला की मान जराशी फिरवते, पण माझ्याकडे म्हणून नव्हे. कोण आठवेल? तिसऱ्या की चौथ्या सकाळी डोळे पुसताना तो हात माझ्या टोपीला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सरक ना जरा, मेल्या!" (मेल्या हे मी नेहमी म्हणायची, तुम्हाला ठाऊक आहे, तो जिवंत असतानाही.) झालं. मागे दोर्थेआ कुत्र्यांना खाणं टाकत उभी होती. तिच्या कानांनी दुकानापेक्षा जास्त माल भरून ठेवला आहे. दुपारपर्यंत वस्तीभर.

मी शपथेवर सांगते, मी त्या खांबाला नाव दिलं नाही. कुणीच दिलं नाही. प्रार्थना झाली नाही, पाणी शिंपडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मासौना काका काठी टेकत टेकत खांबापाशी गेले, आणि त्यांच्या हातात त्याची ती करवत होती, जी ते कधीची घेऊन गेले होते आणि हरवली म्हणून सांगत होते. ती खांबाच्या पायाशी ठेवून म्हणाले, "घे बाबा. दाते बोथट झालेत, ते आधीपासूनच तसे होते." त्यानंतर कुणी ना कुणी रोज. आणि रविवारी प्रार्थना सुटली की सगळी वस्ती. थर्मास, सुकवलेला मासा, देवमाशाच्या कातडीचे तुकडे, काकांचा प्रायमस स्टोव्ह, बसायला रेनडियरची कातडी. खांबाभोवती काफेमिक, कॉफीची पंगत! बॅटरीची पेटी असते ना, तिच्यावर बरोब्बर तिघं बसतात.

आणि लोक बोलायला लागले, वन्सं. दोन हिवाळे साचलेलं.

"काय रे, अजून उभाच? बायकोनं घराबाहेर काढलं वाटतं," काका म्हणाले.

"काढलं कशाला असेल? आपणच निघाला असेल," दोर्थेआ म्हणाली. "तिच्या तोंडापुढे बर्फ बरा."

"दोर्थेआ, मी इथेच बसले आहे."

"म्हणून तर मोठ्यानं बोलतेय."

मग तो एकदा वालरसला घाबरून स्वतःच्याच तंबूत उलटा शिरला ते निघालं. तुम्ही दोघं लहानपणी चर्चची मेणबत्ती खाल्ली ते निघालं. (हे मला ठाऊक नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं आणि मेणबत्तीचं कुणी सांगितलं नाही!) तो गाताना सूर सोडायचा आणि सूर त्याला सोडायचा, ते निघालं. मी इतकी हसले की कॉफी नाकातून आली आणि गोठली. घरी आल्यावर वाटलं, पुढचा रविवार कधी येतो.

इकडे आम्ही हसतो आहोत, तिकडे हेन्रिकेच्या देशात तिच्या साहेबाला झोप नाही. खांब जे मोजतो ते उपग्रहावरून रोज त्याच्याकडे जातं. त्याला दिसायला लागलं की आठवडाभर समुद्र शहाण्यासारखा ऊब सोडतो, आणि रविवार आला की एकदम जास्त. दर रविवारी! वारा नाही, हवा बदललेली नाही, आणि बर्फ आपला ऊब सोडतोय. साहेबानं वाऱ्याचे तक्ते काढले, भरती-ओहोटी काढली, चंद्र काढला. सभा भरवली. पाण्याखाली काहीतरी नवीन चाललं असावं, असं तिथल्या शहाण्यांचं मत पडलं. हेन्रिके बिचारी चकत्या उपसून पुन्हा पुरत बसली. शेवटी तिनं खांबावर कॅमेरा लावला. तो लावलेला आम्हाला कुणी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी ती माझ्या दारात उभी, हातात फोटो. फोटोत बॅटरीच्या पेटीवर दोर्थेआ, बर्फावर काळजीनं पेटवलेला काकांचा प्रायमस, आणि मध्यभागी मी, खांबाकडे बोट रोखून रागे भरताना. माझं तोंड इतकं उघडं आहे की दाढा मोजता येतील.

दुपारी तिनं सगळ्यांना खांबापाशी जमवलं आणि विचारलं, "तुम्ही इथे बसून कुणाशी बोलता?"

मी म्हटलं, "त्याच्याशी."

"खांबाशी?"

"खांबाशी कोण बोलेल? वेडी का तू?"

"मग तो म्हणजे कोण?"

"माझा नवरा."

तिनं खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्यांचं नाव काय?"

सगळेजण आपापल्या कपात बघायला लागले. शेवटी मासौना काका म्हणाले, "बाई, तेवढं सोडून काहीही विचार."

मग दोर्थेआनं तिला दुकानात नेऊन सगळं समजावलं. काय समजावलं कोण जाणे, पण हेन्रिके हसली नाही, त्याबद्दल मी तिला मानते. एवढंच म्हणाली की ऊब मोजायच्या जागेभोवती माणसं आणि स्टोव्ह चालत नाहीत, रविवारचे आकडे गाळून टाकावे लागतील. मला राग आला. मी म्हटलं, समुद्राची ऊब तेवढी खरी आणि आमची गाळायची? ती म्हणाली, तुमचीही खरीच आहे, पण मी ती मोजायला आलेले नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खांबाभोवती लांबवर केशरी दोर घातला. आता मासौना काका दोराच्या बाहेर बसून ओरडतात. ऐकू येत नाही म्हणून "त्या"ला दोनदा सांगतात. काका बहिरे आहेत हे ठीक, पण खांबही बहिरा आहे असं त्यांनी का ठरवलं? तीन रविवार लोक आले. मग ओरडून ओरडून कंटाळले. मागच्या रविवारी मी एकटी होते. ब्रश घेऊन आत जायची परवानगी फक्त मला आहे.

हेन्रिके वाईट नाही. मधे मला ताप भरला आणि सकाळी मी गेले नाही. खांबाचे डोळे तुषारानं बुजले, तिकडे साहेबाचे आकडे आंधळे झाले, आणि ती धावत माझ्या दारात. दार ठोठावून ठोठावून आत आली, मला बघून तिथेच बसली, सीलचा रस्सा केला. (मीठ विसरली.) वन्सं, मी निजून आहे हे पहिल्यांदा कुणाला कळलं असेल तर परदेशातल्या एका साहेबाला, आणि तेही का, तर खांब दिसेनासा झाला म्हणून. असो. बरी झाल्यावर मी तिला म्हटलं, समुद्राचं फार मोजलंस, माझ्या घरातून ऊब किती जाते ते मोज, रॉकेलचा खर्च मलाच ठाऊक. तिनं खरंच एक चकती आणून निजायच्या खोलीच्या भिंतीला चिकटवली. दोन दिवस ठेवली. मग आकडे बघून म्हणाली, "भिंत फार चांगली आहे. जवळजवळ काहीच बाहेर जात नाही." मी तिला सांगितलं नाही की त्या खोलीत मी दोन हिवाळे शेगडी लावलेली नाही. मी स्वयंपाकघरात निजते. आत काही असेल तर बाहेर जाईल ना. पण बाई खूश होऊन गेली. भिंत त्यानंच बांधलेली, तेव्हा म्हटलं स्तुती घेऊन टाकू.

आता नीट ऐका. मे महिन्यात टोकाचा बर्फ सुटायला लागतो. हेन्रिके म्हणाली की पहिल्या शनिवारी खांब उतरवायचा, हात सोडवायचा, डोळे काढायचे, सगळं पेट्यांत भरून बोटीनं तिच्या देशात. मी म्हटलं, तिथे कुठे? म्हणे गोदामात, पुढची मोजणी निघेपर्यंत. गोदामात! मी त्याच दिवशी मासौना काकांकडे गेले आणि विचारलं, काका, खरं सांगा, नाव त्या खांबावर बसलं आहे की नाही? काकांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, चर्चमध्ये याविषयी काही लिहिलेलं नाही, पण आम्ही सगळ्यांनी नाव न घेता त्याला इतक्या हाका मारल्या आहेत की ते जवळपास कुठेतरी नक्की आलेलं आहे. आणि एवढं जवळ आलेलं माणूस आम्ही पेटीत घालून खिळे ठोकणार. मी म्हटलं, मग आता? म्हणाले, आता मूल पाहिजे. मी म्हटलं, मूल ऑल्बोर्गला आहे. काका म्हणाले, नावाला अंतर लागत नाही, नुसती हाक लागते.

म्हणून सांगते, वन्सं. तुमचा धाकटा भाऊ होता तो. शेवटी तो पोटाच्या दुखण्यानं दूरच्या इस्पितळात गेला, खिडकी न उघडणाऱ्या खोलीत, आणि आयुष्यभर ज्या पातळ बर्फावरून चालला त्यानं त्याचा एक बूटसुद्धा कधी ओला केला नव्हता. तुम्हाला तेव्हा विमान मिळालं नाही, ते मी कधी मनात धरलं नाही, धुकं होतं. आविआकला त्यानं खांद्यावर बसवून बर्फावर फिरवलं आहे. तिच्या मुलीला मामाआजोबाचं नाव द्यायला लाज कसली? मुलगी आहे म्हणाल, तर आपल्यात नावाला बाई-बाप्या नसतो हे तुम्हीच मला शिकवलंत. नवरा मुलगी होऊन आला तर माझी काही हरकत नाही, या खेपेला भांडी तरी घासेल. दरसाल कातडीचे बूट शिवून पाठवीन, मापं कळवत जा. तिला गाजराची पेज आवडणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. आणि कॉफी मिळेपर्यंत तिच्याशी कुणी बोलू नका.

एस्किलला काय विचारायचं? तो चांगला माणूस आहे. पण हे त्याचं काम नाही. हे तुमचं काम आहे. बाप्तिस्मा पेंटेकॉस्टच्या सणाला आहे असं दोर्थेआ म्हणते, म्हणजे तोपर्यंत गुलाबी अक्षरं काढायला वेळ आहे. माझा निर्णय ठरलेला आहे, त्यात बदल नाही, तडजोड नाही. पहिलं नाव, पूर्ण नाव, चर्चमध्ये मोठ्यानं.

सगळ्यांना नमस्कार. गुडघ्याला सीलचं तेल लावा.

तुमची भावजय,
रेगिने

ता. क. – पत्र बंद केलं होतं, उघडलं. दोर्थेआ म्हणते तिकडे मुलीला बाप्याचं नाव देण्यावरून कटकट होते. तसं असेल तर पहिलं नको. फ्रेया पुढे राहू द्या, तिच्या मागे घाला. मागच्या बाकावर बसायची त्याला सवय होती.

दुसरा ता. क. – मागेही जमत नसेल तर कुठे लिहूच नका. आविआकला त्रास नको, बाळंतीण आहे. ती जागी असेल आणि एस्किल कामावर गेला असेल तेव्हा पाळण्याशी वाका आणि तुमच्या भावाचं नाव तिच्या कानात एकदा सांगा. एवढं पुरतं. कुणाला कळायचं कारण नाही. तिला कळेल.

तिसरा ता. क. – हेलिकॉप्टर आलं आहे, घाईत लिहिते. वर मी हे त्याच्यासाठी आणि मासौना काकांच्या सांगण्यावरून मागते आहे असं लिहिलं आहे. ते तसं नाही. मी दोन हिवाळे माझ्या नवऱ्याला हाक मारलेली नाही, वन्सं, आणि सकाळी खांबाचे डोळे पुसताना ते नाव ओठापर्यंत येतं आणि मी ते गिळते, रोज. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारच्या आत मला कळलं पाहिजे. आदल्या शुक्रवारी मी दिवसभर घरात फोन मांडीवर घेऊन बसेन. फोन केलात तर कशी आहेस, हवा कशी आहे, काही विचारू नका. आधी ते नाव घ्या, म्हणजे मलाही घेता येईल. शनिवारी खांब उतरवतात.